ठिगळवाडीचं दुसरं पत्र

फार पूर्वीची गोष्ट. नेमकी किती पूर्वीची ते मला सांगता येणार नाही, पण तेव्हाही लोक वरच्या माणसाला पत्रं लिहीत आणि काम झालं नाही की त्याच्या नावानं बोटं मोडत. एवढ्यावरून काय तो काळ ओळखा.

एका डोंगरखोऱ्यात बारा गावं होती. खोऱ्याला राजा नव्हता. दर तीन वर्षांनी बारा गावचे लोक एका माळावर जमत. जे उभे राहतील त्यांच्यापुढे एकेक गाडगं ठेवलं जाई आणि ज्याला जो पटेल त्याच्या गाडग्यात तो एक खडा टाकी. ज्याचं गाडगं जड भरेल तो खोऱ्याचा सरपंच.

सरपंचाच्या हातात फार काही नसे. खोऱ्याच्या सामाईक रानातून दरवर्षी मोजकीच मोठी झाडं तोडायची असा नियम होता. त्यांचे सोट, म्हणजे सरळ लांब खोडं, कोणत्या गावाला आणि कशासाठी द्यायचे, हे सरपंचानं ठरवायचं आणि अक्षय तृतीयेला भरसभेत त्याचं कारण सांगायचं. कारण पटलं नाही तर लोक तिथल्या तिथे तोंडावर विचारत. सरपंच होणं तेव्हाही सुखाचं नव्हतं.

खोऱ्याच्या अगदी टोकाला, ओढ्यापलीकडे, एक गाव होतं. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण सगळे त्याला ठिगळवाडी म्हणत. त्याला कारण होतं तिथली रीत. गावात कुणाकडे मूल जन्माला यायचं असलं की त्याची गोधडी सगळं गाव मिळून शिवी. प्रत्येक घरानं एक ठिगळ द्यायचं. ठिगळ आपल्याच घरात वापरून मऊ झालेल्या कापडाचं असावं, बाजारातून आणलेलं किंवा शेजाऱ्याकडून मागून घेतलेलं चालायचं नाही. आणि कुणाचंही ठिगळ नाकारायचं नाही. त्यामुळे गावातल्या प्रत्येक गोधडीत सगळ्यांच्या घरातलं काही ना काही असे आणि पोर कुणाचंही असलं तरी त्याच्या अंगावर सारं गाव असे. रीत चांगलीच होती. पण चांगली रीत भलत्या ठिकाणी लावली की काय होतं, तीच ही गोष्ट.

ठिगळवाडीला एकच मोठं दुखणं होतं, ते म्हणजे ओढा. बाजार, वैद्य, सुईण, शाळा सगळं ओढ्याच्या पलीकडे. पूर्वी ओढ्यावर साकव होता, म्हणजे दोन लाकडी तुळया आणि त्यांवर आडव्या फळ्या, माणूस जाण्यापुरता पूल. तीन पावसाळ्यांमागे तो वाहून गेला. उन्हाळ्यात ओढा फार तर गुडघाभर असे आणि लोक लुगडी-धोतरं खोचून ये-जा करत. पावसाळ्यात मात्र ओढा फुगला की गाव चार महिने कोंडून पडे. नवा साकव बांधायचा तर मोठा सोट हवा, आणि तो सामाईक रानातूनच मिळणार.

या गावात येसाई नावाची बाई होती. गोधडीचे टाके घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि बोलण्यात तिच्या वाटेला जाणारंही कुणी नव्हतं. तिची सून सुंद्रा. दोन वर्षांमागे श्रावणात सुंद्राचे दिवस भरले, पोटात कळा सुरू झाल्या आणि नेमका ओढा दुथडी भरला. सुईण पलीकडच्या काठाला येऊन थांबली. तिला अलीकडे आणता आलं नाही. सुंद्रा वाचली, बाळ गेलं. त्या बाळाची शिवून ठेवलेली गोधडी येसाईनं घडी करून माळ्यावर टाकली, ती पुन्हा खाली काढली नाही.

आता सुंद्राला पुन्हा दिवस गेले होते, आणि हिशेब पुन्हा श्रावणावरच येत होता. माहेरी पाठवावं तर तिचं माहेर उरलं नव्हतं. येसाई दिवसभर कामात असे, पण ओढ्याकडे तोंड करून बसायची ती आता पाठ करून बसू लागली होती.

माघात गावानं ठरवलं, सरपंचाला पत्र लिहू या. गावातलं अक्षर एकाच माणसाचं चांगलं होतं, ते पलीकडच्या शाळेत पूर्वी शिकवणाऱ्या पंतोजींचं. पंतोजी भला माणूस. त्यांना एकच व्यसन होतं, मायन्याचं. त्यांनी बोरू घासला आणि अर्धं पान भरेल एवढा मायना लिहिला. त्यात सरपंचाला श्रीमंत म्हटलं, प्रजाहितदक्ष म्हटलं आणि अखंडितलक्ष्मीअलंकृतही म्हटलं. सरपंच बिचारा घरी भुईमूग फोडणारा माणूस, त्याच्या अंगावर लक्ष्मीचा एवढा अलंकार कुणी पाहिला नव्हता.

मग पंतोजींनी विचारलं, "आता काय लिहू?"

आणि तिथे गावाची रीत आडवी आली. पत्र गावाचं, तेव्हा प्रत्येक घरानं काहीतरी द्यायला हवं, आणि कुणाचं नाकारायचं नाही. लोक ओळीनं बसले. ज्येष्ठपणाचा मान म्हणून पहिली ओळ येसाईकडे आली. तिच्या मनात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरातलं दुःख परक्या माणसाला पहिल्याच ओळीत सांगणं तिला बरं दिसेना. ती म्हणाली, "पत्राची सुरुवात करतात तशी करा. इकडील सर्व क्षेम, आपले क्षेम कळवावे." पंतोजींनी तसं लिहिलं. सुंद्रा कोपऱ्यात बसली होती.

पुढे गुरवानं देवळाच्या घंटेचं सांगितलं. ढोलवाल्यानं ढोलाचं कातडं फाटलंय, नवं मिळावं असं सांगितलं. कोंडिबा म्हणून एक तापट शेतकरी होता, त्यानं शेजारच्या गावचा पोळ, म्हणजे मोकाट वळू, आपल्या जोंधळ्यात घुसतो याची तक्रार दोन पानं सांगितली, त्यात त्या पोळाच्या मालकाच्या आजोबांचाही उद्धार होता. कुणी माकडांचं सांगितलं, कुणी पावसाचं, जणू पाऊसही सरपंचाकडेच असतो. एका म्हाताऱ्यानं आपण तरुणपणी वाघ कसा हाकलला ते लिहायला लावलं. ते कशासाठी, असं विचारायची कुणाला हिंमत झाली नाही, कारण ठिगळ नाकारायचं नाही. साकवाची आठवण शेवटी शेवटी झाली. तोवर कागद संपत आला होता, म्हणून पंतोजींनी कडेला आडवं लिहिलं, "ओढ्याचं तेवढं पाहावं."

पत्र गेलं. सगळ्यांना वाटलं, काय दणदणीत पत्र झालंय.

होळीच्या आधी उत्तर आलं. सरपंचाचा माणूस एक गुंडाळी घेऊन आला. ती सोडली तर आत ढोलाचं नवं कोरं कातडं. सोबत निरोप होता की ठिगळवाडी सुखात आहे हे वाचून सरपंचांना आनंद झाला, जे मागितलं ते पाठवलं आहे. ढोलवाल्यानं होळीला तो ढोल असा वाजवला की डोंगर दणाणले. पोरं नाचली. येसाई घरात दार लोटून बसली. सुंद्रानं मात्र पुरणाची पोळी करून सगळ्यांना वाढली आणि सासूला म्हणाली, "आत्ती, एक पोळी खा. ढोलाचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी गावात खल झाला. कोंडिबा म्हणाला, हा माणूस आपली थट्टा करतोय, पुढच्या खेपेला त्याच्या गाडग्यात ठिगळवाडीचा एक खडा पडणार नाही असं खडसावून लिहा. पंतोजींचं मत पडलं की मायना थोडा कमी पडला असावा. येसाईनं दोघांचंही ऐकून घेतलं. मग ती दोन गोधड्या डोक्यावर घेऊन आठवड्याच्या बाजाराला निघाली. बाजार सरपंचाच्याच गावात भरत असे. गोधड्या विकल्या गेल्यावर ती सरळ त्याच्या घरी गेली.

सरपंच ओसरीवर बसला होता. पुढ्यात बारा गावच्या कागदांचे ढीग, आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक भुईमुगाची शेंग. येसाईनं आपलं गाव सांगितलं. त्यानं तिला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं आणि ढोल कसा वाजला ते विचारलं.

येसाई म्हणाली, "ढोल चांगला वाजतो. पण आम्हाला साकव हवा होता."

सरपंच गोंधळला. त्यानं ढिगातून ठिगळवाडीचं पत्र काढलं आणि तिच्यापुढे पसरलं. "मावशी, तुम्हीच दाखवा. यात साकव कुठे आहे?"

येसाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्यालाच वाचायला लावलं. सरपंचानं मायन्यापासून सुरुवात केली. घंटा झाली, माकडं झाली, पोळ झाला, पोळाच्या मालकाचे आजोबा झाले. आपल्याच गावाचं बोलणं परक्या ओसरीवर बसून ऐकताना येसाईचे कान तापले. वाघाच्या जागी सरपंच क्षणभर थांबला, पण हसला नाही, एवढा तो सभ्य होता. शेवटी कडेची आडवी ओळ आली.

"ओढ्याचं तेवढं पाहावं," त्यानं वाचलं. "हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, गाळ काढायचा असेल. उन्हाळ्यात पाहू म्हटलं. एवढ्या सगळ्यात ढोलाचं तेवढं मला नीट समजलं, की काय हवंय आणि कशाला. म्हणून ते धाडलं. आणि मावशी, पहिल्याच ओळीत तुम्ही लिहिलंय, सर्व क्षेम. मी त्यावर विश्वास ठेवला."

ती ओळ कुणी सांगितली होती ते येसाईनं त्याला सांगितलं. मग सुंद्राचं सांगितलं, आधीचं आणि आत्ताचं, दोन्ही. सरपंचानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"या सालचा एकच सोट उरलाय," तो म्हणाला. "डौलगावानं मागितलाय, वेशीला कमान करायला. त्यांची गरज मोठी नाही, पण त्यांची मागणी दोन ओळींत समजते."

"मग मी आता सांगितलं ना तुम्हाला. द्या तो आम्हाला."

"मला पटलं, मावशी. पण माझ्या एकट्याच्या पटण्यानं लाकूड हलत नाही. अक्षय तृतीयेला अकरा गावं मला विचारतील, त्यांनाच का? तेव्हा मी काय सांगू? येसाई ओसरीवर येऊन रडली, असं सांगू? मला गावाचं पत्र हवं. असं पत्र, की मी ते उभं राहून वाचलं की पुढे मला काही बोलावं लागू नये."

येसाई म्हणाली, "मी रडले नाही."

"नाही रडलात," सरपंचानं कबूल केलं.

परतीच्या वाटेवर येसाईनं ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. इतकं कमी पाणी पाहून कुणालाही वाटलं असतं की यात काय मोठंसं. सरपंचालाही तसंच वाटलं असणार, त्यानं हा ओढा पाहिला असेल तर उन्हाळ्यातच पाहिला असेल. येसाईला त्याचा राग आला होता तो तिथे उतरला, आणि त्या जागी स्वतःचा आला.

दुसऱ्या दिवशी सारं गाव पुन्हा जमलं. येसाईनं सरपंचाकडे जे घडलं ते सांगितलं, स्वतःच्या ओळीसकट. ते ऐकून गाव ओशाळलं आणि ओशाळलं म्हणून लगेच भांडू लागलं. घंटा काढायची तर पोळ का ठेवायचा? पोळ काढायचा तर वाघ का? कोंडिबा उभा राहून म्हणाला, "आपल्या गावात कुणाचं ठिगळ नाकारत नाहीत. आज माझं नाकाराल, उद्या कुणाचं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. येसाई उठली, घरात गेली आणि माळ्यावर चढली. परत आली तेव्हा तिच्या हातात घडी केलेली ती गोधडी होती. सुंद्रानं ती पाहिली आणि पदर तोंडाला लावला. येसाईनं गोधडी सगळ्यांमध्ये पसरली. वरून प्रत्येकाला आपापलं ठिगळ दिसत होतं, गुरवाच्या सोवळ्याचं, ढोलवाल्याच्या फेट्याचं, कोंडिबाच्या बंडीचं. मग तिनं ती उलटी केली. खाली एकच कापड होतं, येसाईचं स्वतःचं जुनं हिरवं लुगडं, या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड.

"कोंडिबा, तुझं ठिगळ मी नाकारत नाही," ती म्हणाली. "कुणाचंच नाही. पण ठिगळं कशावर शिवतो आपण? खाली लुगडं एकच असतं. आपण पत्रात नुसती ठिगळं टाकली, खाली लुगडं घालायचंच विसरलो. आता एकच लुगडं घालायचं, साकव. ज्यानं त्यानं आपलं ठिगळ त्याच्यावर लावायचं. ओढ्यानं ज्याचं जे केलं असेल ते सांगायचं."

"माझं ओढ्यानं काय केलंय?" कोंडिबा कुरकुरला. मग आपणच म्हणाला, "माझी गुळाची ढेप दर पावसात घरात पाघळते. बाजाराला नेता येत नाही. हे चालेल?" येसाई म्हणाली, हे पोळापेक्षा चांगलं आहे.

पंतोजींनी नवा कागद घेतला. एकेकजण सांगू लागला. गुरवानं सांगितलं की पोरं चार महिने शाळेला मुकतात आणि दिवाळीपर्यंत होतं नव्हतं ते विसरतात. ढोलवाल्यानं सांगितलं की त्याच्या आईचं औषध संपलं तेव्हा वैद्यानं पुडी दगडाला बांधून पलीकडून फेकली, ती पाण्यात पडली. वाघवाल्या म्हाताऱ्याला चेव आला. तो म्हणाला, लिहा, ओढ्यात शंभर माणसं वाहून गेली. गावात एकूण माणसंच तेवढी नव्हती.

"आजोबा, ठिगळ घरचं हवं," येसाई म्हणाली. "विकत आणलेलं चालत नाही."

म्हातारा हिरमुसला. मग हळू आवाजात म्हणाला की त्याची लेक पलीकडे दिली आहे, आणि पंचमीला ती त्या काठावरून आणि तो या काठावरून एकमेकांना नुसते हात करतात. पंतोजींनी ते लिहिलं. ते लिहिताना त्यांनी चष्मा पुसला.

कोंडिबाला अजून खड्यांची धमकी घालायची होती, आणि डौलगावच्या कमानीला नावंही ठेवायची होती. येसाईनं दोन्ही नको म्हटलं. "खडे त्याला मोजता येतात, आपण कशाला शिकवायचे? आणि कमानवाले सभेत समोरच बसणार आहेत. त्यांना आत्ताच डिवचलं तर ते आपलं कशाला ऐकतील?" त्याऐवजी तिनं कोंडिबाला विचारलं की सोट मिळाला तर तो रानातून इथवर ओढून कोण आणेल. कोंडिबाची बैलजोडी खोऱ्यात नावाजलेली होती. तो छाती काढून म्हणाला, मी आणीन. लगेच तेही पत्रात गेलं. दोन्ही काठांना दगडाची जोती आम्ही बांधू, सोट आम्ही ओढून आणू, आम्हाला फक्त एक सोट आणि तो चिरायला खोऱ्याचा सुतार हवा, मृगाच्या आधी, असं सगळं स्पष्ट लिहिलं.

"आता पहिली ओळ," पंतोजी म्हणाले. मायन्याचा त्यांनी मोह आवरला होता, त्याबद्दल त्यांचं कौतुक केलं पाहिजे. "सर्व क्षेम लिहायचं ना? पत्राची रीत आहे."

सगळे येसाईकडे पाहू लागले. गावाला शहाणपण शिकवणं सोपं होतं, आपलं झाकलेलं उघडं करणं जड होतं. आपलं ठिगळ द्यायची पाळी आली आणि तिचाच हात मागे आला.

तेव्हा सुंद्रा कोपऱ्यातून उठून पुढे आली आणि त्या गोधडीच्या कडेला बसली.

"लिहा, पंतोजी," ती म्हणाली. "इकडील सर्व क्षेम नाही. दोन वर्षांमागे श्रावणात माझं बाळ गेलं. सुईण पलीकडच्या काठावर उभी होती. तिची हाक मला घरात ऐकू येत होती. या श्रावणात मी पुन्हा बाळंत होणार आहे. माझं नाव घाला, सुंद्रा."

पंतोजींनी जसं सांगितलं तसं लिहिलं. येसाईनं गोधडीवरून हात पुढे करून सुनेचा हात धरला आणि मग मात्र ती रडली. पत्र एका पानात बसलं. खाली प्रत्येक घराचं नाव आलं.

अक्षय तृतीयेला माळावर सभा भरली. सरपंचानं एकेका सोटाचं सांगितलं आणि शेवटच्याशी आला. तो सोट ठिगळवाडीला देतोय असं त्यानं म्हणताच डौलगावचे लोक उठून उभे राहिले. कमानीचं काय, आम्ही आधी मागितलं होतं, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचं विचारणं रीतीला धरून होतं. सरपंचानं वाद घातला नाही. त्यानं ठिगळवाडीचं पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं.

वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी घातली. डौलगावचा म्होरक्या थोडा वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, "कमान पुढच्या साली केली तरी वेस काही पळून जात नाही," आणि खाली बसला. त्यांच्यातल्या एक-दोघांना ते आवडलं नाही, ते वाटभर कुरकुरत गेले. पण सोट ठिगळवाडीला मिळाला.

कोंडिबाच्या बैलांनी तो ओढून आणला. वाटेत कोंडिबानं बैलांना दम दिला, सोटाला दम दिला, रस्त्यालाही दिला. गावानं दोन्ही काठांना जोती रचली. सुतारानं सोट चिरून दोन तुळया काढल्या, वर फळ्या ठोकल्या. मृग लागायच्या आत साकव उभा राहिला. पहिल्यांदा त्यावरून सुंद्राला चालवत नेलं, पलीकडे जाऊन ती सुईणीच्या घरी ताक पिऊन परत आली.

श्रावणात ओढा फुगला. नेहमीसारखाच फुगला, त्याला पत्राबित्राचं काही नव्हतं. एका सकाळी सुंद्राला कळा सुरू झाल्या. ढोलवाला साकवावरून धावत गेला आणि सुईणीला घेऊन आला. खाली गढूळ पाणी धडधडत होतं आणि सुईण वरून तोंडातलं पान चघळत आली, जराही घाई न करता. दुपारी मुलगी झाली. तिचं रडणं ऐकून येसाई बाहेर आली आणि अंगणात जमलेल्या लोकांकडे पाहून नुसती मान डोलवत राहिली. लोकांना कळलं.

काम झालं की लोक पत्र लिहायला विसरतात. ठिगळवाडीही विसरली असती, पण येसाईनं बारशाच्या दिवशी पंतोजींना बोरू घ्यायला लावला. पत्र लहानसं झालं. त्यात तिनं सांगितलं ते असं:

"सरपंचांस नमस्कार. साकव बांधून झाला. सुईण वेळेवर आली. मुलगी झाली. तिची गोधडी या खेपेला आधी शिवली नव्हती, आता शिवायला घेतली आहे, खाली तिच्या भावाच्या गोधडीचं लुगडं घातलं आहे. मागणी एकच. आपल्या घरचं एक जुनं ठिगळ पाठवावं. इकडील सर्व क्षेम."

या पत्राचं उत्तर त्याच आठवड्याच्या बाजारातून आलं. सरपंचाच्या जुन्या पागोट्याचा एक मऊ तुकडा होता. येसाईनं तो मधोमध लावला.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: ज्याला आपण निवडून दिलं त्याला मनातलं आपोआप कळत नाही. त्याला लिहावं, पण एकाच गोष्टीचं लिहावं, आपल्या घरचं खरं तेवढं लिहावं, आणि जिथे क्षेम नाही तिथे क्षेम आहे असं लिहू नये.